वाचकांचे प्रश्न : पेशी जगते कशाच्या बळावर आणि मरते कशी?

गेल्या अंकात रक्ततपासणीविषयीच्या एका उत्तराच्या ओघात, न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात आल्यावर जेमतेम दिवसभर टिकते आणि मग आखून दिलेल्या पद्धतीने मरते, असे मी लिहिले होते. ही पद्धत म्हणजे नेमके काय, ती कोण ठरवते आणि ती बिघडली तर काय होते, असे विचारणारी पत्रे सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आली. विषय एकच असल्यामुळे या वेळी इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून सगळी जागा या पत्रांना देत आहे.

प्रश्न : मरण्याचा संकेत मिळाला की पेशी मरते, असे आम्हाला शिकवले गेले. मग ज्या पेशीला असा संकेत मिळतच नाही, ती कायम जगत राहते का?
(एक विद्यार्थिनी, बी.एस्सी. तृतीय वर्ष, जुळे सोलापूर)

उत्तर : नाही. मरण्याचा संकेत आला तर मरायचे, हा झाला अर्धा भाग. शरीरातील बहुतेक पेशींच्या बाबतीत उरलेला अर्धा भाग असा आहे, की जगण्याचा संकेत येत राहिला नाही तरीही मरायचे. पाठ्यपुस्तकांत या दुसऱ्या भागाला फार थोडी जागा मिळते. माझ्या मते मात्र शिकवण्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

ही गोष्ट ज्या प्रयोगांतून उमगत गेली, ते प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीतील तुरिन शहरात एका झोपायच्या खोलीत झाले. ज्यूविरोधी कायद्यांमुळे विद्यापीठाचे दार बंद झाल्यावर रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी घरातच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून त्यांनी बारीक हत्यारे तयार केली, आणि कोंबडीच्या अंड्यातील गर्भाचा फुटू लागलेला पाय किंवा पंख काढून टाकल्यावर त्या भागाकडे निघालेल्या चेतापेशींचे काय होते, ते पाहिले. त्या पेशी तयार होत होत्या आणि वाढायलाही लागत होत्या. पण जिथे पोहोचायचे ते ठिकाणच उरले नसल्याने काही दिवसांत मरत होत्या. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतील सेंट लुईस येथे त्यांनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी चेतापेशींना वाढवणारे व जगवणारे प्रथिन शोधून काढले, जे आज एनजीएफ या नावाने ओळखले जाते. त्यासाठी दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाच्या चेतासंस्थेतील अनेक भागांत तयार झालेल्या चेतापेशींपैकी सुमारे निम्म्या पेशी पुढे मरतात. ज्यांना असे प्रथिन पुरेसे मिळते त्या राहतात. हा नियम केवळ चेतापेशींपुरता नसून बहुतेक सर्व पेशींना लागू असावा, असे प्रतिपादन मार्टिन रॅफ यांनी १९९२ साली केले आणि ते बऱ्याच अंशी टिकले आहे.

सोलापूरच्या वाचकांना हे यंत्रमागावरून चटकन लक्षात येईल. बाण्याचा धागा ताणात आहे तोवर माग चालतो, आणि धागा तुटला की कोणी हात न लावताही तो थांबतो.

पेशीच्या आत हे घडते कसे, ते जरा जवळून पाहू. बाहेरून आलेला एनजीएफसारखा वाढघटक पेशीपटलावरील ग्राहीला, म्हणजे संकेत टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटला, की ग्राहीचा आतला भाग पीआय३-कायनेज नावाचे विकर पटलाजवळ ओढून घेतो. हे विकर पटलातील एका मेद रेणूला आणखी एक फॉस्फेट जोडते, आणि त्या फॉस्फेटच्या खुणेवर एकेटी नावाचे दुसरे विकर येऊन बसते व कामाला लागते. एकेटी बॅड या मारक प्रथिनावर फॉस्फेट बसवून त्याला निष्प्रभ करते, आणि मारक प्रथिने तयार करायला लावणारे फॉक्सओ हे प्रथिन केंद्रकाबाहेर अडवून ठेवते. त्याच वेळी पीटेन नावाचे तिसरे विकर ती मूळची खूण सतत पुसत असते. त्यामुळे बाहेरून वाढघटक येणे थांबले, की थोड्याच वेळात खुणा नाहीशा होतात, एकेटी थंडावते आणि बॅड मोकळे होते. भरीस भर म्हणजे पेशीला जगवणाऱ्या एमसीएल-१ या प्रथिनाचा निम्मा साठा साधारण अर्ध्या तासात मोडीत निघतो, म्हणजे ते सतत नव्याने बनवत राहावे लागते. जगणे असे क्षणोक्षणी चालू ठेवावे लागते, म्हणूनच पीटेनचे जनुक बिघडले की धोका निर्माण होतो. कारण मग पुसणारे कोणी राहत नाही आणि वाढघटक नसतानाही पेशीला तो मिळत असल्यासारखेच सारे चालू राहते. प्रोस्टेटच्या, गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि मेंदूच्या अनेक कर्करोगांत हे जनुक बिघडलेले आढळते.

प्रश्न : तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र, असे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. तीच तंतुकणिका पेशीला मारते असे अलीकडे वाचले. हे खरे आहे का?
(कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षक, पंढरपूर)

उत्तर : खरे आहे, आणि हे प्रथम समजले तेव्हा तज्ज्ञांनाही पटायला जड गेले होते. शिओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखवले, की मृत्यूची साखळी सुरू करणाऱ्या घटकांपैकी एक म्हणजे सायटोक्रोम सी, म्हणजेच श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे, आपण बारावीला शिकवतो तेच प्रथिन. तंतुकणिकेच्या आत असते तोवर ते ऊर्जा मिळवून देते. बाहेर पडले की मृत्यूची साखळी सुरू करते.

ते बाहेर पडू द्यायचे की नाही, हे बीसीएल-२ कुटुंबातील प्रथिने ठरवतात. बॅक्स आणि बॅक ही दोन प्रथिने तंतुकणिकेच्या बाह्य पटलाला भोके पाडू शकतात. बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल आणि एमसीएल-१ त्यांना धरून ठेवतात. तिसरा गट छोट्या प्रथिनांचा आहे. बॅड, बिम, प्यूमा अशी त्यांची नावे असून, वाढघटक थांबला, डीएनए तुटला किंवा प्रथिनांची घडी बिघडली, की ती कामाला लागतात आणि धरून ठेवणाऱ्यांचे हात गुंतवतात. डीएनए तुटल्याची दखल पी५३ हे प्रथिन घेते. नुकसान थोडे असेल तर ते पेशीचे विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ देते, आणि नुकसान फार असेल तर प्यूमाचे उत्पादन वाढवते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी५३ चे जनुक बिघडलेले असते.

एकदा भोके पडली की मागे फिरणे अवघड असते. काही मिनिटांत बहुतेक तंतुकणिका रिकाम्या होतात. बाहेर आलेले सायटोक्रोम सी अपॅफ-१ या प्रथिनाला जोडले जाते, अशा सात जोड्या मिळून सात आऱ्यांचे एक चक्र बनते, त्या चक्रावर कॅस्पेज-९ हे प्रथिने छेदणारे विकर सक्रिय होते आणि ते कॅस्पेज-३ ला छेदून सक्रिय करते. कॅस्पेज-३ मग पेशीतील शेकडो प्रथिने ठरलेल्या जागी छेदते. डीएनए कापणाऱ्या विकराला अडवून ठेवणारे प्रथिनही त्यात येते, आणि ते छेदले गेले की केंद्रकातील डीएनएचे तुकडे होऊ लागतात.

दुसरा मार्ग बाहेरून येतो. मारक लसिका पेशीवरील फॅस-लिगँड समोरच्या पेशीवरील फॅस ग्राहीला चिकटले, की आत कॅस्पेज-८ सक्रिय होते आणि ते थेट कॅस्पेज-३ पर्यंत पोहोचते. टीएनएफ या संकेताचे वागणे तर विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे असे आहे. टीएनएफ ग्राहीला चिकटल्यावर साधारणपणे एनएफ-कप्पा-बी मार्ग सुरू होतो आणि पेशी जगवणारी प्रथिने तयार करू लागते. ती प्रथिने तयार होऊ शकली नाहीत, तर त्याच ग्राहीवरून कॅस्पेज-८ सक्रिय होते आणि पेशी मरते. संकेत एकच असला, तरी निकाल पेशीच्या त्या वेळच्या स्थितीवर अवलंबून असतो.

हे जनुकांनी आखून दिलेले आहे, याचा पुरावा एका मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीने दिला. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या कृमीच्या उभयलिंगी प्रकारात जननपेशी वगळता १०९० पेशी तयार होतात, त्यांपैकी १३१ मरतात आणि ९५९ उरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१, ठरलेल्या वेळी. या कृमीवरील कामासाठी सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्व्हिट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चे नोबेल मिळाले. माणसाचे बीसीएल-२ जनुक या कृमीत घातले तर तिथलेही मृत्यू कमी होतात. कृमी आणि माणूस यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी यंत्रणा इतकी सारखी राहावी, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

आपल्या महाविद्यालयात ऊतींच्या कायम रंगवलेल्या स्लाइड्स असतील, तर हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या यकृताच्या किंवा लसिकाग्रंथीच्या स्लाइडवर मोठ्या भिंगाखाली मुलांना अशी पेशी शोधायला लावा. ती शेजारणींपेक्षा आकसलेली असते, तिचा पेशीद्रव गडद गुलाबी दिसतो, केंद्रकाच्या जागी गडद निळ्या गोळ्यांसारखे एक-दोन तुकडे असतात, आणि शेजारच्या पेशींपासून सुटल्यामुळे तिच्याभोवती एक मोकळे कडे दिसते. मात्र अशा पेशी क्वचितच सापडतील. पेशी मरू लागली की तिच्या पटलाच्या आतल्या बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद बाहेरच्या बाजूस येतो, त्यावरून भक्षक पेशी तिला ओळखतात आणि काही तासांतच गिळून पचवतात. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी यांनी १९७२ साली या मृत्यूला अपॉप्टोसिस हे नाव दिले. तोवर या पेशींकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते, याचे एक कारण त्या इतक्या लवकर नाहीशा होतात हेही होते.

प्रश्न : मी रुग्णालयात परिचारिका आहे. मधुमेही रुग्णांच्या पायाची बोटे काळी पडलेली रोज पाहते. हादेखील पेशींचा असा नियोजित मृत्यूच असतो का?
(एक परिचारिका, होटगी रस्ता, सोलापूर)

उत्तर : मुख्यतः नाही. रक्तपुरवठा तुटलेल्या बोटात प्राणवायू पोहोचत नाही, पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी संपते, सोडियम बाहेर टाकणारे पंप बंद पडतात, पाणी आत शिरते आणि पेशी फुगून फुटते. आतील विकरे आणि इतर द्रव्ये आजूबाजूला सांडल्यामुळे दाह सुरू होतो. याला आपण नेक्रोसिस म्हणतो. नियोजित मृत्यूत पेशी फुटत नाही, तर पटलात गुंडाळलेल्या लहान तुकड्यांत वाटली जाते, आणि म्हणून सहसा सूज येत नाही.

आपण मात्र रोज सीमारेषेवरच काम करता, म्हणून थोडे पुढचे सांगतो. नियोजित मृत्यूलाही एटीपी लागते. रक्तपुरवठा पूर्ण तुटलेल्या भागात पेशी फुटून मरतात. त्याच्या कडेला, जिथे पुरवठा कमी झाला आहे पण संपलेला नाही, तिथे अनेक पेशी नियोजित पद्धतीने मरत असतात. पक्षाघातात मेंदूच्या अशा कडेच्या भागातील पेशी वाचवण्यासाठीच पहिल्या काही तासांत उपचार सुरू व्हावे लागतात.

आणखी एक प्रकार या दोहोंच्या मध्ये बसतो. त्याचे नाव नेक्रोप्टोसिस. यात कॅस्पेज बंद असताना आरआयपीके-३ आणि एमएलकेएल ही प्रथिने पटल फोडतात. पेशी फुटते, दाह होतो, तरीही हे सारे आखलेलेच असते. याचा उपयोग विषाणूविरुद्ध होतो. काऊपॉक्सच्या विषाणूकडे कॅस्पेज बंद पाडणारे प्रथिन आहे. पेशीला पहिल्या मार्गाने मरता आले नाही, तर हा दुसरा मार्ग उरतो.

मधुमेही रुग्णांना आपण सांगत असालच, तरी इतर वाचकांसाठी लिहितो : पायाचे बोट काळे-निळे पडले, किंवा जखम दुखत नाही आणि भरतही नाही असे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग आहे. त्यांना व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी सुरू केली आहे. पहिल्या आठवड्यात फक्त २० मिलिग्रॅम, मग दर आठवड्याला वाढवत ४०० पर्यंत नेणार आहेत, सारखे रक्त तपासतात आणि भरपूर पाणी प्यायला सांगतात. औषध चांगले आहे तर पूर्ण मात्रा लगेच का देत नाहीत?
(एक गृहिणी, अक्कलकोट)

उत्तर : औषध चांगले काम करते म्हणूनच देत नाहीत. हे समजण्यासाठी बीसीएल-२ कडे परत जावे लागेल. १९८० च्या दशकात फॉलिक्युलर लिम्फोमा या रक्ताच्या कर्करोगात असे आढळले, की १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीएल-२ चे जनुक प्रतिपिंडांच्या जनुकाशेजारी जाऊन बसते. प्रतिपिंडांचे जनुक या पेशींत जोरात चालू असल्याने शेजारचे बीसीएल-२ देखील अमाप तयार होऊ लागते. हे जनुक पेशींची वाढ वेगाने करत असेल, असा तेव्हा सर्वांचा समज होता. डेव्हिड व्हॉक्स, सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी १९८८ साली दाखवले, की ते पेशीला वाढवत नाही, फक्त मरू देत नाही. म्हणजे विभाजनाचा वेग फारसा न वाढताही, केवळ पेशी मरेनाशा झाल्याने कर्करोग होऊ शकतो. आपल्या सासऱ्यांच्या आजारात ही अदलाबदल सहसा नसते, पण त्यातही बीसीएल-२ फार वाढलेले असते आणि त्या लसिका पेशी त्याच्यावर विसंबून असतात.

व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ च्या ज्या खाचेत मारक प्रथिने अडकून पडलेली असतात तिथे जाऊन बसते आणि ती मारक प्रथिने मोकळी होतात. या पेशी मृत्यूच्या उंबरठ्यावरच असल्याने काही तासांत मोठ्या संख्येने मरू लागतात. एरवी नीटनेटका असणारा हा मृत्यू एकाच वेळी इतक्या पेशींना आला, की भक्षक पेशींना तो आवरत नाही. मेलेल्या पेशींमधील पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल रक्तात उतरते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाची लयही बिघडू शकते. म्हणून २०, ५०, १००, २०० आणि मग ४०० मिलिग्रॅम अशी चढण पाच आठवड्यांत केली जाते. रक्ततपासणी चुकवू नका, सांगितले तेवढे पाणी त्यांना आवर्जून द्या, आणि दुसरे कोणतेही औषध, अगदी साध्या आजारासाठी असले तरी, त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न : केमोथेरपीने केसच का गळतात?
(एक वाचक, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातील सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत, आणि अनेक केमो औषधे विभागणाऱ्या पेशींचा डीएनए तोडतात. त्या निरोगी असल्यामुळे त्यांचे पी५३ शाबूत असते आणि ते आपले काम करून त्यांना मृत्यूच्या मार्गाला लावते. पी५३ नसलेल्या उंदरांना सायक्लोफॉस्फामाइड दिले तेव्हा त्यांचे केस गळले नाहीत, असे २००० साली दिसून आले. केसाच्या मूळपेशी बहुधा बचावतात, म्हणून उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस परत येतात.

प्रश्न : वडिलांवर बार्शीला कर्करोगाचे उपचार सुरू आहेत. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलमुळे 'कर्करोगाच्या पेशी आपोआप मरतात' असे नातेवाईक सांगतात आणि तसे संशोधन झाल्याचेही दाखवतात. द्याव्यात का?
(एक वाचक, वैराग)

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. नातेवाईक दाखवतात ते संशोधन खोटे असेलच असे नाही. हळदीतील कर्क्युमिन काचेच्या बशीतील कर्करोगाच्या पेशींवर पुरेशा प्रमाणात टाकले, तर त्यांत कॅस्पेज सक्रिय होतात, हे अनेकदा दिसले आहे. पण बशीतील पेशी मारणारे पदार्थ अगणित आहेत. प्रयोगशाळेत पेशींचा मृत्यू घडवून दाखवण्यासाठी सर्रास वापरले जाणारे स्टॉरोस्पोरिन हे तसेच एक जालीम द्रव्य आहे आणि ते कोणी औषध म्हणून घेत नाही. खरा प्रश्न हा, की पदार्थ रोगट पेशीपर्यंत पुरेसा पोहोचतो का आणि चांगल्या पेशींना सोडतो का. कर्क्युमिन आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि जेवढे शोषले जाते त्याचे यकृत लगेच रूपांतर करते. ते जास्त शोषले जावे म्हणून काही कॅप्सूलमध्ये मिरीतील पिपरीन घालतात. ते यकृतातील विकरांच्या कामात ढवळाढवळ करते, आणि त्यामुळे चालू असलेल्या औषधांचे रक्तातील प्रमाण बदलू शकते. जेवणातील हळदीला हरकत नाही.

उपचारांसाठी आधीच खिसा रिकामा झालेल्या घरांना अशा बाटल्या महागड्या दराने विकल्या जातात, याचा मला मनापासून राग येतो. पेशींना मरू न देणाऱ्या, 'तारुण्य टिकवणाऱ्या' पावडरींची जाहिरातही तितकीच घातक आहे. रोज ज्या पेशी मरायला हव्यात त्या मेल्या नाहीत तर काय होते, ते वर बीसीएल-२ च्या निमित्ताने आलेच आहे.

प्रश्न : माझी भगवा डाळिंबाची बाग आहे. झाड रोगाच्या जागी आपल्याच पेशी मारून रोग अडवते, असे एका शिबिरात ऐकले. मग तेल्या रोगाचे डाग म्हणजे झाडाने केलेला बचावच समजायचा का?
(एक शेतकरी, सांगोला तालुका)

उत्तर : शिबिरात ऐकलेली गोष्ट बरोबर आहे, पण तेल्याचे डाग म्हणजे तो बचाव नव्हे. गव्हाच्या तांबेऱ्याचा अभ्यास करताना अमेरिकेतील स्टॅकमन यांनी १९१५ साली दाखवले, की प्रतिकारक्षम वाणात बुरशी शिरताच तिच्या भोवतालच्या पेशी झटपट मरतात आणि बुरशीची वाढ तिथेच खुंटते. असा डाग बारीक, कोरडा आणि तेवढ्यावरच थांबणारा असतो. तेल्याचा डाग पाणथळ व तेलकट दिसतो, पसरतो आणि फळाला तडे पाडतो. कारण झॅन्थोमोनास जीवाणू पेशींमधल्या जागेत बिनदिक्कत वाढत असतो. भगवा हा वाण या रोगाला बळी पडणारा आहे.

वनस्पतींमध्ये आपल्यासारखी कॅस्पेज नसतात आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशीही नसतात. तरीही रोगजंतूची चाहूल घेणारी त्यांची काही प्रथिने रचनेत आपल्या अपॅफ-१ ची नातलग आहेत. २०१९ साली त्यांपैकी एकाची रचना उलगडली तेव्हा तेही पाच घटकांचे चक्र बनवताना दिसले.

बागेपुरते सांगायचे तर, हा जीवाणू पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, छाटणीच्या कात्रीतून आणि रोगट रोपांतून पसरतो. त्यामुळे खात्रीची रोगमुक्त रोपे घेणे, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री निर्जंतुक करणे आणि गळलेली पाने व रोगट फळे बागेबाहेर नेऊन नष्ट करणे ही कामे टाळू नका. फवारणीचे वेळापत्रक मी देणे योग्य नाही. त्यासाठी सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे रोगट पान व फळ घेऊन जावे.